चित्रकार दिवसभर करतो तरी काय?

हळदीच्या मोसमात हिंगोलीच्या नाही तर वसमतच्या बाजारात जा. हमाल, मापाडी, आडत्या, मुनीम. कोण किती वाजता येतो, काय करतो आणि त्याचे पोट कशावर चालते, हे तिथे कोणालाही सांगता येते. गावात एखादा चित्रकार राहत असेल तर त्याच्याबद्दल मात्र वाटेल ते ऐकायला मिळते. ‘मूडवर असतो.’ ‘रात्रीचाच काढतो म्हणे.’ ‘एकेका चित्राचे लाखो मिळतात.’ ‘कशाचे मिळतात, सासरा पोसतो.’ यातली शेवटची दोन विधाने एकाच माणसाच्या तोंडून, एकाच चहावर निघू शकतात.

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आपल्याकडची बरीच लेकरे ती परीक्षा देतात. त्यांतले एखादे ‘मला पुढे हेच करायचंय’ म्हणाले की घरात जो वाद पेटतो, त्याच्या मुळाशी ही ऐकीव माहिती असते. तिच्यातल्या काही गोष्टी तपासून पाहू. त्यातही तीन-चार चित्रकार भाडे वाटून एकच खोली घेतात, त्या सामायिक स्टुडिओबद्दलच्या. कारण लोकांना सर्वांत जास्त संशय त्या खोलीचा येतो.

गैरसमज : मूड लागला तरच चित्र होते.

तैलरंगात काम करणाऱ्याला मूड विचारतच नाही कोणी, रंगच विचारू देत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषत ते हळूहळू घट्ट होते. पातळ थराला काही दिवस, जाड थराला कित्येक आठवडे लागतात. खालचा थर पातळ आणि वरचा तेलकट हा क्रम चुकला तर पुढे रंगाला भेगा पडतात. म्हणून तैलचित्रकाराकडे एका वेळी तीन-चार कॅनव्हास चालू असतात, आणि आज कोणता हातात घ्यायचा हे कालचा थर किती वाळला त्यावर ठरते. ॲक्रिलिकचे उलटे. मे महिन्यात, पारा ४२च्या पुढे गेलेला असताना, ते पॅलेटवरच वाळून जाते. जलरंगवाल्याचा वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक सुकलेले असते. म्हणून उन्हाळ्यात तो पहाटे काम उरकतो. पावसाळ्यात तोच कागद वाळता वाळत नाही आणि नीट ठेवला नाही तर त्याला बुरशी धरते.

त्याशिवाय दिवसाचा मोठा भाग चित्र न काढण्यात जातो. लाकडी चौकटीवर कापड ताणून ठोकणे, त्याला सरस लावणे, वर प्रायमर, तो वाळला की पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. संध्याकाळी ब्रश धुणे, आणि ते खरोखर धुणे. केसांच्या मुळाशी राहिलेला रंगाचा थेंब रात्रीत ब्रश मारतो. राजा रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांची इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी छापून आलेली आहे. ती कामाची नोंदवही आहे: कुठे गेलो, कोणाला भेटलो, कोणत्या चित्रावर काम झाले. दैवी प्रेरणेची वाट पाहणारा माणूस शोधायला गेलात तर ती वाचून निराश व्हाल.

वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे करत, हे खरे आहे, आणि ‘मूड’वाल्यांचा तो लाडका पुरावा आहे. पण त्यांचे काम कसे चाले ते पाहा. रंग रोलरने पसरायचा, सुरीने ओढायचा, कागद दाबून काही उचलून घ्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर द्यायचा. मधले तास बघत बसण्याचे. बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस रिकामा वाटेल. पण पुढचा थर कुठे द्यायचा नाही हे ठरवणे हा त्या कामातला सर्वांत अवघड भाग असतो.

गैरसमज : खरा कलावंत एकटाच काम करतो.

मराठवाड्यात राहून हे म्हणणे जरा जास्तच झाले. अजिंठ्याची चित्रे एकट्याने काढलेली नाहीत. लेण्यांच्या अंधारात मातीचा गिलावा चढवणारे, रेषा आखणारे, रंग भरणारे अशी माणसांची पथके तिथे होती. एकाच लेण्यात वेगवेगळे हात ओळखू येतात. क्रमांक १६चे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. जगातल्या एका थोर सामूहिक चित्रशाळेमागचे राज्य हिंगोलीहून तासाभराच्या वाटेवर होते, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवत नाही.

पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच लेण्यांत हंगामामागून हंगाम नकला करत राहिले. त्या पथकात पेस्तनजी बोमनजी होते. त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलांचेही १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत असेच झाले होते. एवढ्या लोकांचे एवढे काम दोनदा राख झाले. पण त्या लेण्यांत शेजारी शेजारी बसून शिकलेल्या मुलांचा हात कोणती आग नेणार?

आता आधुनिक उदाहरण. १९५०च्या दशकात मुंबईच्या वॉर्डन रोडवर, समुद्राला लागून, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचाव करणारे वकील भुलाभाई देसाई यांचा हा बंगला. तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्याने जागा मिळे. गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत, दशरथ पटेल करत. त्याच वास्तूत इब्राहिम अल्काझी यांच्या थिएटर युनिटच्या तालमी होत आणि पुढे रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा चाले. म्हणजे रंग वाळत असताना भिंतीपलीकडे सतार लागलेली. अबोल आणि एकान्तप्रिय म्हणून प्रसिद्ध असलेल्या गायतोंडे यांनी आपल्या घडणीची महत्त्वाची वर्षे या गजबजाटात काढली. दार लावून घेता येत असेल तर एकान्ताला वेगळा बंगला लागत नाही.

गैरसमज : शेजारी बसले की एकमेकांची नक्कल होते.

हुसेन यांचे घोडे आणि गायतोंडे यांचे आकाररहित, पाण्याच्या तळासारखे कॅनव्हास एका छताखाली झाले. नकलेबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

शेजाऱ्याकडून जे उचलले जाते ते वेगळेच असते. कोणत्या दुकानातले कापड पाण्याने आकसते, कोणता पांढरा रंग वर्षभरात पिवळा पडतो, कोणत्या गिऱ्हाइकाच्या कामाला आगाऊ पैसे घेतल्याशिवाय हात लावू नये. शिवाय स्वतःच्या चित्रातली चूक स्वतःला दिसत नाही. शेजाऱ्याने जाता जाता ‘हात लांब झालाय’ म्हटले की आठवडा वाचतो. हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

गैरसमज : स्टुडिओला उत्तरेची खिडकी असली की काम झाले.

हा गैरसमज चित्रकारांचाच आहे आणि तो युरोपातून आलेल्या पुस्तकांतून आला. तिकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून दिवसाच्या कामाच्या वेळेत थंड, न हलणारा उजेड मिळतो. हिंगोली कर्कवृत्ताच्या बरीच खाली, सुमारे १९.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट कॅनव्हासवर येते आणि रंग भलताच गरम दिसू लागतो. उपाय साधा आहे: खोल छज्जा किंवा पांढरे मांजरपाट. पण पुस्तकावर विसंबून भिंत फोडलेल्याला हे जूनमध्येच कळते.

सामायिक खोलीत उजेड हे भांडणाचे पहिले कारण असते, भाडे दुसरे. खिडकीजवळची जागा एकच. शहाणी मंडळी ती दर महिन्याला बदलतात. दिव्यांचेही ठरवून घ्यावे लागते. एकाने पिवळा आणि दुसऱ्याने पांढरा एलईडी लावला तर दोघांचेही रंग चुकतात, आणि वीज गेली की दोघेही सारखेच आंधळे. लोडशेडिंगच्या गावात खिडकीचे महत्त्व मुंबईपेक्षा जास्त आहे, हे वेगळे सांगायला नको.

गैरसमज : अजिंठ्याचे रंग झाडपाल्याचे होते म्हणून टिकले, मग आपल्या हळदीचा रंग का वापरू नये?

हा आपल्या जिल्ह्याचा खास लाडका गैरसमज. शाळांच्या कार्यशाळांत तो हमखास भेटतो, आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याला अभिमानाची जोडही मिळाली आहे. अभिमान जरूर असावा, पण हळद भाजीत आणि अंगाला लावायला. तिच्यातले कर्क्युमिन उजेडाने उडते. हळदीने रंगवलेला कागद खिडकीत ठेवून पाहा, काही दिवसांत फिका पडतो. चुन्याशी गाठ पडली की ते लाल होते. कुंकू असेच करतात, हे आपल्या आज्यांना माहीत होते. म्हणजे चुन्याच्या भिंतीवर हळदीचा पिवळा रंग पिवळाच राहील याचीही खात्री नाही.

अजिंठ्याचा पिवळा हा पिवळ्या मातीचा, म्हणजे लोहयुक्त गेरूच्या जातीचा आहे. लाल तोही मातीचाच, हिरवाही एक प्रकारची माती, काळा काजळीचा. निळा लाजवर्दी दगडाचा, आणि तो दगड बदख्शानच्या बाजूने आलेला. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारालाही सामान परगावाहूनच मागवावे लागत होते. हे रंग भाताचा तूस आणि तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, त्यावरच्या चुन्याच्या पातळ थरावर, चिकट माध्यमात कालवून कोरड्या पृष्ठभागावर लावले. खनिजे आणि लेण्यातला अंधार यांमुळे ते टिकले. नुकसान बरेचसे नंतरच्या माणसांनी केले. नकला करणाऱ्यांनी आणि दुरुस्तीवाल्यांनी फासलेले व्हार्निश पिवळे पडून बसले.

गैरसमज : पाट्या रंगवणारा पेंटर वेगळा आणि चित्रकार वेगळा.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर त्यांनी पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला, आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत चौरस फुटाला चार-सहा आण्यांच्या दराने सिनेमाचे फलक रंगवत. मोठ्या पृष्ठभागावर न अडखळता रेषा ओढण्याचा हात त्यांना तिथे मिळाला, आणि तो शेवटपर्यंत चित्रांत दिसत राहिला.

आता आपल्या तालुक्याच्या गावांकडे पाहा. फ्लेक्स येण्याआधी बसस्टँडच्या आसपास एखाद्या पेंटरचे दुकान असेच. उस्ताद दोरी मारून अक्षरे आखी, दुसरा आत रंग भरी, तिसरे पोरगे सावली देई आणि डबे धुई. चौकटी पाडून फोटोवरून पुढाऱ्याचा चेहरा दहा फूट उंच करणे ही त्या दुकानाची परीक्षा. पाट्या वाळायला रस्त्याच्या कडेला मांडलेल्या. यात सामायिक स्टुडिओत असते ते सगळे होते: वाटलेले काम, वाटलेले भाडे, शेजारच्या हातावरून शिकणे. फक्त त्याला स्टुडिओ म्हणायचे कोणाला सुचले नाही. फ्लेक्सने ती दुकाने बसवली. त्यांतले काही गणपतीच्या मूर्तींच्या आखणीला लागले, काही शाळांच्या बोलक्या भिंती रंगवू लागले, काही हिंगोलीच्या दसऱ्याच्या दिवसांत देखाव्यांची कामे घेऊ लागले. मूर्तीचे डोळे आखणारा हात आणि व्यक्तिचित्र करणारा हात यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. किमतीत आहे, ते वेगळे.

गैरसमज : नोकरी धरली की चित्रकार संपला.

अकोल्याचे अंबादास यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. ही सरकारी केंद्रे हातमागाच्या कापडासाठी नक्ष्या तयार करत. तेच अंबादास ‘ग्रुप १८९०’चे सदस्य झाले आणि १९६३मध्ये दिल्लीत त्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, पुढे ते ऑस्लोला स्थायिक झाले. प्रभाकर बरवे यांनीही याच केंद्रांत, बनारसला आणि मुंबईत, बरीच वर्षे नोकरी केली, आणि त्याच आयुष्यात ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिले. चित्रकार रझा मुंबईत छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत काम करत आणि उरलेल्या वेळात शिकत. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी तर आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ठेवले. विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून ती सगळी जे. जे.मध्ये गेली. झेडपीच्या शाळेत चित्रकला शिकवून संध्याकाळी खोलीवर दोन तास रंगवणारा मास्तर या रांगेत बसत नाही, असे कोणी म्हणू नये. त्याची अडचण वेगळी आहे: संध्याकाळच्या दोन तासांत तैलरंगाचे सामान काढण्यात आणि आवरण्यात अर्धा-पाऊण तास जातो. सामायिक जागेत ते मांडलेलेच राहू शकते, हा तिचा सर्वांत मोठा आणि कमी बोलला जाणारा फायदा.

गैरसमज : एक चित्र विकले की आयुष्याचे भागते.

मार्च २०२५मध्ये हुसेन यांचे १९५४चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हुसेन २०११मध्येच वारले होते. डिसेंबर २०१५मध्ये गायतोंडे यांच्या एका चित्राला मुंबईत २९ कोटींच्या वर बोली लागली. तेही २००१पासून या जगात नाहीत. लिलावाचा पैसा विकणाऱ्याकडे जातो, रंगवणाऱ्याकडे जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे, त्यानुसार मूळ चित्र पुन्हा १० हजारांवर विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. कायदा चांगला आहे. आपल्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

जित्या चित्रकाराचा हिशेब साधा असतो. गॅलरीने विकले तर तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम गॅलरीची. फ्रेम, वाहतूक, मुंबईत राहण्याचा खर्च चित्रकाराचा. म्हणून बहुतेकांचे घर क्लासवर, व्यक्तिचित्रांच्या मागणीवर, मुखपृष्ठांवर, भिंतींच्या कामांवर चालते. चित्रविक्री आली तर त्या वर्षीचा रंग निघतो.

गैरसमज : मुलींनी घरीच बसून काढावे, तसल्या खोलीत जाऊ नये.

गायतोंडे यांच्याबरोबर भुलाभाई इन्स्टिट्यूटमधला स्टुडिओ वाटून घेणारी चित्रकार प्रफुल्ला जोशी होती. पुढे प्रफुल्ला डहाणूकर म्हणून मुंबईच्या कलासंस्थांचा कारभार तिने कित्येक वर्षे पाहिला. नसरीन मोहमदी तिथेच काम करत होती. आईबापांची काळजी खोटी नसते. तिची उत्तरे व्यवहारातली असतात. स्वच्छतागृह आहे का, किल्ली कोणाकोणाकडे, किती वाजता बंद. एवढे विचारावे आणि जाऊ द्यावे.

गैरसमज : हे सगळे मुंबईतच शक्य आहे.

चेन्नईजवळचे चोळमंडल हे कलाकारांचे गाव १९६६मध्ये के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभे केले, ते बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून. कोणा शेटजीने दान दिले म्हणून नाही. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी इथले सामायिक स्टुडिओ एका जुन्या गावठाणाच्या वास्तूत चालतात. जागा भव्य असावी लागत नाही, ती रोज उघडावी लागते.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत. यांपैकी कोणत्याही गावात तिघे कलाशिक्षक, एखादा जुना पेंटर आणि जी. डी. आर्ट करून परतलेला एखादा मुलगा मिळून मोंढ्याच्या मागे एक खोली घेऊ शकतात. नगरपालिकेने किंवा जिल्हा परिषदेने पट घटल्याने रिकाम्या पडलेल्या शाळेची एक खोली नाममात्र भाड्याने दिली तर उत्तमच. मागणीचा अर्ज करायला कोणाची हरकत नसावी. तयार झालेली कामे दरवर्षी महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाला पाठवता येतात. त्यात विद्यार्थ्यांचा आणि व्यावसायिकांचा विभाग वेगवेगळा आहे.

फक्त सुरुवातीलाच काही गोष्टी कागदावर घ्या. भाडेकरार कोणाच्या नावावर, वीजबिल कोण भरणार, एकाने सोडले तर अनामत कशी परत करायची, खिडकीची जागा कोणत्या क्रमाने. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या स्वतःच तापतात आणि पेटूही शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात ठेवा, आणि डबा रात्री खोलीबाहेर.